दारावरचा म्हातारा

समोर त्यांना सगळे ‘काका’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कार्डकाका’. एकतीस वर्षं ते वाचनालय चालवत होते आणि एकही पुस्तक त्यांनी स्वतः वाचल्याशिवाय कपाटात लावलं नव्हतं. वाचून झालं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक जाड कार्ड चिकटवायचं, मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘जमलंय’, उजवीकडे ‘फसलंय’, आणि खाली हिरव्या शाईत आपलं मत लिहायचं. सही नाही. ते टोकदार अक्षर अख्ख्या गल्लीला पाठ होतं, सही हवी कशाला? उजवी बाजू कधीच कोरी राहिली नव्हती. निर्दोष पुस्तक अजून छापून व्हायचंय, असं ते म्हणत, आणि तसं म्हणताना त्यांना मनातून जरा बरं वाटे.

कार्डाचा आणखी एक नियम होता. ते लिहून होईपर्यंत घरात त्या पुस्तकाबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्याच्या मताचा वारासुद्धा लागता कामा नये. बायकोने हा नियम इतकी वर्षं पाळला, कारण तो मोडण्यापेक्षा पाळण्यात कमी डोकेदुखी होती.

अशा माणसाचा मुलगा लेखक झाला. लहानपणापासून नोकरीला लागेपर्यंत त्याने जे काही लिहिलं, ते बापाच्या हाताखालून गेलं आणि हिरवं होऊन परत आलं. पुढे तो दूरच्या शहरात राहायला गेला आणि तिथे त्याने तीन भागांची अद्भुत कथा लिहायला घेतली. रात्रीतून डोंगर जागा बदलतात असा एक देश, आणि तिथे नकाशे काढणारी एक मुलगी. काल काढलेला नकाशा आज खोटा ठरतो, तरी ती काढत राहते. पहिला भाग लोकांनी उचलून धरला. काकांनी डावीकडे लिहिलं, ‘पहिलंच पुस्तक आहे असं वाटत नाही.’ उजवीकडे सात ओळी होत्याच. सुट्टीत मुलगा आला आणि ते कार्ड अलगद सोडवून घेऊन गेला. काकांना नवं लिहावं लागलं. सभासदांसमोर त्यांनी भरपूर कुरकुर केली, पण तो आठवडाभर ते स्वतःशीच गुणगुणत होते.

दुसरा भाग टपालाने आला. पाकीट बायकोने फोडलं आणि पुस्तक त्यांच्या आधी वाचून काढलं. मग ती दोन दिवस त्यांच्या आसपास घुटमळत राहिली.

“यातला तो म्हातारा आहे ना,” ती म्हणाली.

काकांनी हात वर केला. “कार्ड व्हायचंय अजून.”

“एवढंच सांगते की...”

“कार्ड झाल्यावर.”

ती गप्प बसली. पुढे आयुष्यभर तिला त्या गप्प बसण्याचा पश्चात्ताप झाला.

पुस्तक चांगलं होतं. मुलगी आता मोठी झाली होती, करारी झाली होती, आणि लेखकाने तिचे लाड करणं सोडलं होतं. मिठाचं एक गाव होतं, तिथली माणसं पाऊस आला की घरं डोक्यावर घेऊन पळत. ते प्रकरण वाचताना काकांनी चहा गार होऊ दिला. पण मधला भाग ढेपाळला होता. मुलगी तीनदा पकडली जाते आणि तीनदा सुटते. राजे इतके की कोणाचं कोणाशी वैर आहे याची टिपणं काढावी लागतात. आणि दारावरचा तो म्हातारा. देशाबाहेर जायचं एकच दार असतं आणि तो त्याचा राखणदार. मुलगी पाच वेळा नकाशा घेऊन त्याच्याकडे येते. पाचही वेळा तो नकाशावरून नजर फिरवतो, चुकलेल्या रेघेवर नख ठेवतो आणि तिला परत पाठवतो. तोंडातून शब्द नाही.

मुलाचं पुस्तक म्हणून हात आखडला असं कोणी म्हणायला नको, हे काकांच्या डोक्यात पक्कं होतं. डावीकडे चार ओळी झाल्या, उजवीकडे अकरा. शेवटची ओळ अशी: ‘दारावरचा म्हातारा पाच वेळा येतो आणि फक्त चुका दाखवतो. कथेत त्याचं काही काम नाही. काढून टाकला तरी काही बिघडणार नाही.’

महिन्याभराने मुलगा आला तो थेट वाचनालयातच. पिशवी खाली न ठेवता त्याने पुस्तक काढलं, उभ्याउभ्या कार्ड वाचलं आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं. या खेपेला कार्ड नेलं नाही. घरी नीट जेवला, प्रवासाबद्दल बोलला, आईचं औषध आणून दिलं आणि एक दिवस आधीच निघून गेला.

त्याला सोडून बायको परत आली आणि चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

“काय लिहिलंत तुम्ही त्या म्हाताऱ्याबद्दल?”

काकांनी सांगितलं.

“एकतीस वर्षं वाचताय आणि स्वतःला ओळखलं नाहीत?”

काकांनी चष्मा काढला.

“तिसऱ्या भागात तो बोलणार होता,” ती म्हणाली. “मला फोनवर सांगितलं होतं त्याने. ती शेवटचा नकाशा आणते. हा बघतो, नख न लावता परत देतो आणि म्हणतो, जा आता. तेवढ्या एका वाक्यासाठी सगळं रचलं होतं पोराने.”

काका खुर्चीवर बसले. मग उठले, पुन्हा बसले. संध्याकाळी त्यांनी फोन लावला. फोन नेहमी बायको लावायची, त्यामुळे नंबर त्यांना वहीत बघावा लागला.

“ते म्हाताऱ्याबद्दल मी जे लिहिलं,” काका म्हणाले, “ते काही इतकं मनावर घेऊ नकोस.”

“नाही घेतलं, बाबा.”

“मी कार्ड बदलतो.”

“तुम्ही कधी कार्डावर खोटं लिहिलंय का?”

काकांनी विचार केला. तिथेच चुकलं, विचार न करता हो म्हणायला हवं होतं. “नाही,” ते म्हणाले.

“मग झालं तर,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना काही तरी बोलता आलं असतं. “आईला दे... द्या जरा.”

इतकी वर्षं तो बापाला अहोजाहो करत होता आणि आज पहिल्यांदा त्याची जीभ अडखळली. त्यानंतर त्याचे फोन येत राहिले, आईला.

वर्षाने दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती निघाली. वर ‘लेखकाने सुधारलेली’ असं छापलं होतं. या वेळी पुस्तक टपालाने आलं नाही, काकांनी ते दुकानातून विकत आणलं. आल्याआल्या त्यांनी दाराचं प्रकरण उघडलं. दारावर कोणी नव्हतं. मुलगी आली, थोडा वेळ थांबली, आणि दार स्वतःच ढकलून बाहेर पडली.

मग काकांनी पुस्तक पहिल्यापासून वाचलं, खोट काढायची असं ठरवूनच. मुलगी आता एकदाच पकडली जात होती. राजे दोनच उरले होते. कथा कुठे अडत नव्हती, आणि दाराजवळ तर म्हातारा कधी होता असा संशयही येत नव्हता. पुस्तक पहिल्या आवृत्तीपेक्षा कितीतरी सरस झालं होतं. दोनदा वाचूनही त्यांना म्हाताऱ्याची जागा रिकामी वाटली नाही.

त्यांनी कार्ड घेतलं, रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘मधला पाल्हाळ गेला. कथा वाहती झाली. लेखकाला काय काढायचं ते कळलं.’ मग पेन उजवीकडे नेलं. दारावर कोणीतरी असायला हवं होतं, असं लिहावंसं त्यांना फार वाटलं. पण तो पुस्तकाचा दोष नव्हता, आणि जो पुस्तकाचा दोष नाही तो कार्डावर येत नाही.

बायकोने चहा आणून ठेवला. कार्डाकडे पाहून म्हणाली, “उजवीकडे काही नाही?”

“नाही,” काका म्हणाले. “काही सापडलं नाही.”

त्यांनी कार्डाच्या पाठीला गोंद लावला, ते पुठ्ठ्यावर ठेवलं आणि नीट चिकटेपर्यंत तळहाताने दाबून धरलं.