शाईचा ठिपका

“तीन वर्षांपूर्वी तूच तपासलं होतंस ना? तेव्हा काही नव्हतं, हो ना?” थोरल्या दिरांनी बाकावर सरकून तिला जागा करून देत विचारलं.

“नव्हतं,” ती म्हणाली.

“मी तेच सांगतोय सगळ्यांना. घरातलं माणूस होतं म्हणून एवढं तरी नक्की कळलं, की दुखणं नवं आहे. उगाच तीन वर्षं अंगावर काढलं असं नाही.”

आत थोरल्या जाऊबाईंना डॉक्टर तपासत होते. तुकडा काढून पाठवला होता, त्याचा निकाल सकाळीच आला होता. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. आधी शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. दिरांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि निवेपर्यंत तसाच हातात धरून ठेवला.

ती ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथे तिला सगळे काचबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. बायकांच्या तपासणीत घेतलेला नमुना काचपट्टीवर पसरून, रंगवून तिच्यापुढे यायचा आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली काच केसाकेसाने सरकवत त्यातल्या पेशी बघायची. वरच्या थरातल्या पेशी चपट्या आणि पसरट, मधे टाचणीच्या टोकाएवढं केंद्रक. खालच्यांना झाकायचं आणि झिजून गळून जायचं, एवढंच त्यांचं काम. खालच्या थरातल्या गोल, अजून कामाला न लागलेल्या. ग्रंथींमधल्या उंच, एकमेकींना चिकटून उभ्या. प्रत्येकीचा आकार तिच्या कामाला बेतलेला. त्यातली एखादी काम सोडून भलतीकडे निघाली, की काचबाईला लगेच कळायचं. केंद्रक फुगलेलं, काळपट, कडा कुरतडल्यासारख्या आणि भोवती जागाच उरलेली नाही. संशयाच्या जागेशेजारी ती शाईचा बारीक ठिपका द्यायची, म्हणजे डॉक्टरांना शोधत बसावं लागू नये.

प्रत्येक काच दोघांनी बघायची, असा नियम होता. जाऊबाईंची काच मात्र तिने एकटीनेच बघितली होती.

“ताई, आठवडाभर कशाला ताटकळताय?” तेव्हा ती म्हणाली होती. “मी स्वतः बघते. संध्याकाळी निकाल तुमच्या हातात.”

“अगं, मला कुठे घाई आहे?” जाऊबाई म्हणाल्या होत्या.

घाई काचबाईला होती. सासरी तिच्या नोकरीचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. एकदा तरी दाखवून द्यावं, असं तिच्या मनात होतं.

कर्करोगाचं कळल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे जेवायला गेल्यावर तिने जुन्या काचांचं कपाट उघडलं. नंबर तिला पाठ होता. काच उजेडात धरली तर कडेला शाईचा ठिपका. म्हणजे ती तिथे थांबली होती.

काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याबरोबर सगळं आठवलं. ठिपका तिने गंमत दाखवायला दिला होता; शेजारी एक झाडाची पेशी होती. कापसाच्या बोळ्यातून किंवा धुळीतून कधीकधी अशी एखादी येऊन पडते. आपल्या पेशीला नुसता पातळ पडदा असतो, हिला चारी बाजूंनी जाड भिंत, कोपरे काटकोनात. कंपाउंड घातलेल्या बंगल्यासारखी ती त्या मऊ गर्दीत ऐटीत बसली होती. काचा रंगवणाऱ्या सहकाऱ्याला तिने हाक मारली होती, “इकडे या, पाहुण्या आल्यात! बोलवलं कुणी विचारा.” दोघं पोट धरून हसले होते. मग घड्याळ बघून तिने काच पुढे सरकवली होती.

त्या भिंतीला लागूनच त्या भलतीकडे निघालेल्या पेशी होत्या. फुगलेल्या, काळपट, कुरतडलेल्या कडांच्या. शिकायला आलेल्या मुलीच्याही नजरेतून सुटल्या नसत्या इतक्या ठळक.

काच परत कपाटात गेली असती तर कुणी उघडून बघणार नव्हतं. ती काच हातात घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. डॉक्टरीणबाई तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“लेखी द्या मला,” त्या शेवटी म्हणाल्या. “पेशंटला कळवावं लागेल. मी कळवते.”

“मी सांगते. माझ्या जाऊबाई आहेत.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “अशा एकटीने बघितलेल्या आणखी किती काचा आहेत?”

“एवढीच.”

“मग हीच का?”

“घरचं माणूस म्हणून,” काचबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि लिहायला कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

जाऊबाईंची शस्त्रक्रिया पार पडेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. आत्ता नको, त्यांना धीर हवा, असं ती स्वतःला सांगत होती. त्यातलं खरं किती आणि भित्रेपणा किती, हे तिलाच कळत नव्हतं. ती रोज डबा घेऊन जायची. दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “सख्खी बहीण करणार नाही इतकं करते.”

तीन आठवड्यांनी जाऊबाई घरी खुर्चीवर बसून एका झग्याची शिवण उसवत होत्या. लग्नाआधीपासून त्या शिवणकाम करायच्या. दीर औषधं आणायला गेले होते.

“ताई, तुमची काच मी चुकीची वाचली. तेव्हाच होतं त्यात. माझ्या नजरेतून सुटलं.”

जाऊबाईंच्या हातातली कात्री थांबली. “तेव्हा दिसलं असतं तर?”

“तेवढाच भाग काढला असता. संध्याकाळी घरी आला असतात.”

“आणि ही किरणं?”

“नसती लागली.”

जाऊबाईंनी झग्यावरचा एक दोरा उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला. “हे मला सांगून तुला मोकळं व्हायचंय का?”

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. “हो,” ती म्हणाली. “थोडं.”

“मग मी नाही करणार तुला मोकळं.”

“नका करू.”

फाटकाची कडी वाजली. जाऊबाई घाईने, पण हळू आवाजात म्हणाल्या, “ह्यांना मी सांगेन. माझ्या मनाला येईल तेव्हा. तोवर तू तुझं कौतुक ऐकून घ्यायचं. आणि मला ती काच दाखवायची.”

दीर आत आले. तिला बघून म्हणाले, “आलीस का? बरं झालं. तू असलीस की हिला बरं वाटतं.”

सोमवारी दुपारी ती जाऊबाईंना प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे दोघांना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. समोरासमोर बसल्या की गुडघ्याला गुडघा लागायचा. तिने स्टूल जरा मागे घेतलं.

“ह्या बऱ्या दिसतात,” जाऊबाई डोळे लावून म्हणाल्या. “छापाच्या कापडासारख्या. ह्या चांगल्या ना?”

“हो. ह्या झाकायचं काम करतात.”

तिने काच सरकवली. जाऊबाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी श्वास रोखलेला तिला ऐकू आला.

“ह्यांचं काम काय होतं?”

“तेच. झाकायचं. ह्या विसरल्या.”

“किती आहेत?”

“सात.”

जाऊबाई बघत राहिल्या. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेल्या माणसासारखं, अजिबात न हलता.

“आठ,” त्या म्हणाल्या. “एकीच्या खाली एक दडलीये.”

काचबाईने डोळा लावला, चाक किंचित फिरवलं. आठच होत्या.

“लिहून ठेव,” जाऊबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर दोन मजले पायऱ्या उतरायच्या होत्या. टाके अजून ओढत होते. पहिल्या पायरीवर जाऊबाई थांबल्या, तेव्हा काचबाईने हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे बघितलं आणि दुसऱ्या बाजूचा कठडा धरला. मग त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागल्या, आणि काचबाई एक पायरी मागे राहून, हात तसाच पुढे धरून, त्यांच्या चालीने उतरत गेली.