घरचं बोलायचंय

संगमनेरात रंगनाथ कानवडे यांचं घरांचे नकाशे काढून देण्याचं ऑफिस होतं. खाली ऑफिस, वर घर. दया गायकवाड तिथं कामाला लागली तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं. पेन्सिल कशी धरायची इथपासून रंगनाथकाकांनी तिला शिकवलं. दुपारी काकू, म्हणजे झुंबरबाई, जिन्यातूनच हाक मारायच्या, "दया, आमी जेवायचं थांबलोय. ये की वर!" पुढं दयाला एंजल झाली, तीही त्यांच्याच घरात रांगायला शिकली.

त्या मायेला दुसरी बाजूही होती. वर कुणाशी वाजलं, की काकांचा राग खाली दयावर निघायचा. पाहुणे आले की हातातलं काम टाकून तिनं चहाला वर जायचं. नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.

मध्यंतरी नाशिकच्या एका मोठ्या ऑफिसनं तिला बोलावलं होतं. काका म्हणाले, "आपलं घर सोडून कुणी जातं का, दया?" ती गेली नाही. तिचा नवरा जॉन त्यावरून कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

मग काकांचा मुलगा पार्थ पुण्याहून शिकून आला. पोरगा वाईट नव्हता, 'दयाताई' म्हणूनच बोलायचा. पण गिऱ्हाइकं आता त्यालाच भेटायची. कोल्हारच्या एका शाळेचा नकाशा दयानं खपून काढला. उद्घाटनाला निघताना गाडीत पार्थची बायको आणि सासू-सासरे बसले, दयाला जागा उरली नाही.

एका सकाळी ऑफिस दुसरीकडं हलवायचं बोलणं निघालं. सवयीनं दयाही खुर्ची ओढून बसली. पार्थ म्हणाला, "दयाताई, जरा बाहेर थांबता का? घरचं बोलायचंय."

तिनं काकांकडं पाहिलं. काकांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत बसले.

बाहेर आल्यावर मागं दार लागलं. दयानं पर्स घेतली आणि ती घरी गेली, ती परत आलीच नाही.

काही दिवसांनी काका एकटेच तिच्या घरी आले.

"त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "तोंडातून शब्दच निघाला नाही."

"मी तेव्हाच नाशिकला जायला पाहिजे होतं, काका."

तिला इतकं कडू बोलायचं नव्हतं. काकांनी मान हलवली. 'परत ये' असं काही ते म्हणाले नाहीत, ते आता त्यांच्या हातात नव्हतं. चहा अर्धा ठेवून ते उठले.

दयाला दुसरीकडं काम मिळालं. तिथं कुणी चिडत नाही आणि कामापलीकडं कुणी काही विचारतही नाही.

त्याच वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. दया भेटायला गेली. मला सगळं तुम्हीच शिकवलंत, एवढं तरी त्यांना सांगायचं तिच्या मनात होतं. खोली नातेवाइकांनी भरली होती. तिनं काकांचा हात हातात घेतला आणि ती न बोलताच निघाली.