हात धरायला चंद्राबाई

सत्तावन्न साली फ्लूचा ताप भिगवणच्या स्टेशनावर उतरला आणि आमच्या सांगवीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला लगेच जुनं नाव देऊन टाकलं. मानमोडी! पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी आलेल्या मानमोडीत माझ्या सासूबाईंचे, प्रयागबाईंचे, दोन्ही थोरले भाऊ पाठोपाठ गेले होते. सासूबाईंची छाती तर आधीच भात्यासारखी वाजायची. बारामतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हा ताप त्यांना झाला, तर मला बोलवायलासुद्धा वेळ मिळणार नाही."

आणि त्याच तापावरची लस घेऊन नर्सबाई आमच्या चावडीवर बसली होती! बर्फाच्या डब्यात थोड्याच बाटल्या, त्याही फक्त म्हाताऱ्यांसाठी. उरल्या तर दुपारनंतर जळोचीला जाणार. मी हातातलं शेण तसंच टाकून घरात धावले, तर सासूबाई निवांत वाकळ शिवत बसलेल्या.

"मला न्हाय जायचं. मानमोडीतनं वाचले, ती काय सुईमुळं?"

"आत्याबाई, छातीचा तरी इचार करा."

"छाती माझी हाय. तू भाकरी बघ."

असा राग आला म्हणून सांगू! लग्न होऊन आल्यापासून याच बाईनं मला आईसारखं सांभाळलं, आणि आता हट्टापायी मरायला बसली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी मग त्या खोडीलाच हात घातला.

"ऱ्हायलं. चंद्राबाईंनी तर कवाच टोचून घेतलं."

हे धादांत खोटं होतं. चंद्राबाईंचा ऊस आमच्या उसाला लागून. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून एका उन्हाळ्यात दोघी बांधावर कडाकडा भांडल्या होत्या, आणि तेव्हापासून एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. सासूबाईंचा टाका अर्ध्यावर थांबला.

"चंद्री? माझ्या आधी?"

निघाल्याच! पदर खोचून, धापा टाकत त्या पुढं आणि मी मागं. चावडीवर पोचून बघते तर चंद्राबाई पायरीवर बसलेल्या, भोवती म्हाताऱ्यांचा घोळका, आणि एकीनंही अजून टोचून घेतलेलं नाही.

सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्या तशाच मागं वळल्या. गेली ही बाई हातची!

"चालली व्हय?" चंद्राबाई ओरडल्या. "सुईला भ्याली! गोंदताना बी अशीच पळत हुतीस. मी हात धरला, म्हून तुळस तरी पुरी झाली."

आमच्याकडं नवी सून एकटी गोंदून घेत नाही. जोडीनं बसायचं, एकीला टोचताना दुसरीनं हात धरायचा, आणि दोघींनी एकच नक्षी काढून घ्यायची. या दोघींच्या मनगटांवर एकसारखी तुळस होती. रोज बघूनही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मी पळत हुते? आन् रडून रडून डोळं कुणाचं सुजलं हुतं गं?" सासूबाई उसळून परतल्या आणि थेट स्टुलावर बसल्या. "टोच गं पोरी. बघू दे हिला!"

नर्सबाईनं दंड पुसला. सुई वर झाली, तसे सासूबाईंनी डोळे गच्च मिटले आणि दुसरा हात बाजूला पुढं केला. मी धरायला धावले. पण चंद्राबाईंनी तो आधीच धरला होता.

"आई गं!" किंचाळल्या त्या चंद्राबाई. सगळी चावडी हसली. मी हसता हसता रडायला लागले.

मग काय विचारता! चंद्राबाईंचा हात सासूबाईंनी धरला, ठमाबाईंनी धोंडाबाईंना ओढलं, आणि एकेक जोडी पुढं यायला लागली. बघता बघता नर्सबाईचा डबा रिकामा झाला.

"जळोचीला आता उद्याच जावं लागणार," ती म्हणाली. "पण निरोप आजच धाडते. जोडीनं या म्हणावं!"

परतताना सासूबाई पुढं होत्या. खोटं बोलल्याबद्दल आता शिव्या बसणार, म्हणून मी मान खाली घालून चालत होते. बांधापाशी त्या थांबल्या.

"सारजे, आज पाण्याची पाळी कुणाची?"

"आपली, आत्याबाई."

"चंद्रीचा ऊस आधी भिजू दे. दंड दुखंल तिचा. दारं धरायला तिला जमायचं न्हाय."

मी बांधावरचं खोरं उचललं आणि पाणी वळवायला चंद्राबाईंच्या उसाकडं पळत सुटले.