मोज्यातलं बकरम

मला एका जागी बसवतच नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेर नुसत्या येरझाऱ्या. "अहो, बसा जरा!" सिस्टर खेकसल्या. बसा काय! आत माझ्या लेकीच्या मनगटाचा फोटो चालला होता.

लेक बारा वर्षांची, घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. रक्ताच्या कॅन्सरमधून ओढून काढली तिला. त्या औषधांनी हाडांची वाढ रखडू शकते, हे डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. म्हणून दर खेपेला इथे उंची मोजतात, आणि दर खेपेला ती वाढलेली. पण मी पडलो शिंपी. पोरीच्या पँटला मी आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, वाढत्या अंगाचं म्हणून. दोन वर्षांत ते उसवावं लागलं नाही! घरी माप घेतलं की माझं तोंड उतरायचं, इथे आलो की खुलायचं. इथलं माप सोयीचं होतं, मग कोण वाद घालतो? शेवटी बायको भडकली. "पँट खोटं बोलते का? फोटो काढून घ्या हाडांचा."

फोटो झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "उंची परत घेऊ. मोजे काढ गं."

"पाय गार पडतात," भिंगरी म्हणाली. नेहमी म्हणते, आणि नेहमी तिचं चालतं. आज माझं डोकं फिरलं.

"काढ म्हटलं ना!"

मोज्यांतून बकरम पडलं. कॉलरला ताठपणा यावा म्हणून आत घालतो ते, माझ्याच दुकानातलं. घडीवर घडी.

"अगं, हे काय?"

"दर वेळी एक घडी वाढवायचे," ती पुटपुटली. "इथे वाढले की तू शीळ घालत घरी येतोस ना, बाबा."

मला तिथेच रडू फुटलं असतं.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "हाडांत वाढीची जागा अजून आहे, पण थोडीच. तपासण्या करून इलाज ठरवू. खरा आकडा आधी मिळाला असता तर बरं झालं असतं. आता किती वाढेल, शब्द देत नाही."

भिंगरी अनवाणी भिंतीला टेकली. सिस्टरांनी डोक्यावर पट्टी आणली. "टाचा खाली, बाळा." ती ऐकेना. चवड्यांवर तशीच उभी, नजर माझ्या तोंडावर.

मी हसलो. कसा हसलो ते माझं मला माहीत. तेव्हा कुठे तिने टाचा टेकवल्या, आणि सिस्टरांनी आकडा सांगितला.