पाचवा फ्यूज

कोंडाबाई गाडीत बसल्या की फ्यूज जातो, ही गुंडेरावांच्या घरातली, त्यांच्या बायकोवरची, बारा वर्षांची थट्टा. पाहुणे आले की गुंडेराव ती रंगवून सांगत, पाहुणे हसत, आणि कोंडाबाई चहाचे कप गोळा करून आत जात. पुढे पुढे त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. मंठाळला भावाकडे जायचं असलं तरी त्या पिशवी उचलून सरळ बसस्टँडची वाट धरत. गाडी मात्र दारात उभी असायची.

गाडी म्हणजे ब्याऐंशी सालची पद्मिनी फियाट. बीदरच्या हवाईदलातले एक साहेब बदली होऊन जाताना ती गुंडेरावांना देऊन गेले होते. गुंडेराव बिदरी कामाचे कारागीर. काळ्या धातूवर बारीक खाच कोरायची आणि तिच्यात चांदीची तार ठोकून बसवायची, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. ज्या हातांना केसाएवढी खाच कळते त्या हातांना गाडी काय अवघड, असं त्यांचं मत होतं, आणि पुष्कळदा ते खरंही ठरलं होतं. कार्बोरेटर ते स्वतः उघडत, ब्रेक स्वतः आवळत. गाडीनं त्यांना कधी मेकॅनिकच्या दारात नेलं नव्हतं.

आणि आता ती भंगारात जायची वेळ आली होती.

झालं असं, की भालकीला एका बारशाला जायचं होतं आणि बस चुकली. कोंडाबाई नाइलाजानं पुढच्या सीटवर बसल्या. शहर सोडून दोन-तीन मैल गेले नसतील तोच डॅशबोर्डाखालून जळक्या रबराचा वास आला आणि मग निळसर धूर. गुंडेरावांनी गाडी कडेला घेऊन बॅटरीची वायर उपसून काढली म्हणून थोडक्यात निभावलं. मागे बसलेल्या त्यांच्या मुलीचा, राजश्रीचा, चेहरा उतरला होता. ती कलबुर्गीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. त्याच दिवशी कोंडाबाईंनी सांगून टाकलं की जळत्या गाडीत पोरीला घेऊन फिरायचं नाही. गुंडेरावांनीही तावातावानं शब्द देऊन टाकला. गुरुवारी आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी होती. पास झाली तर पुढची पाच वर्षं चालवायची, नाही तर भंगारवाल्याला आपणच बोलावायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजश्री टॉर्च घेऊन डॅशबोर्डाखाली आडवी झाली. फियाटची फ्यूजपेटी साधी असते. बोटाच्या पेराएवढे चिनीमातीचे आठ फ्यूज ओळीनं बसवलेले, आणि प्रत्येकाच्या खाचेतून धातूची एक पातळ पट्टी गेलेली. वीज जास्त झाली की ती पट्टी वितळते आणि पुढचं सगळं वाचतं. राजश्रीनं पाचवा फ्यूज काढून उजेडात धरला. खाचेत पट्टी नव्हती. तिथं एक तार बसवली होती, इतकी सुबक की दागिन्यात शोभावी. बाकीच्या सातांतही तीच.

"अप्पा, हे काय हाय?"

"चांदीची तार," गुंडेराव म्हणाले. "सारखे फ्यूज उडायलते तवा म्या बसवली. बारा वर्षांत एकदा गेला न्हाई."

आवाजात अभिमान होता. राजश्री उठून बसली. तिनं तार नखावर घेऊन तिची जाडी अजमावली, वहीत काहीतरी मांडलं आणि मग हळूहळू समजावून सांगितलं. मूळची पट्टी आठ अँपिअरला सांभाळायला केलेली. ही तार तीस अँपिअरपर्यंत हूं की चूं करणार नाही. म्हणजे ती वितळायच्या आधी आतली वायरच तापून वितळणार. भालकीच्या रस्त्यावर तेच झालं. फ्यूज उडत नव्हता, कारण बारा वर्षं गाडीत फ्यूज नव्हताच.

गुंडेरावांना ते पटलं, पण आवडलं नाही. आपल्या हातचं काम इतकी वर्षं नीट टिकलं आणि टिकलं हाच त्याचा दोष, हे गिळायला जड होतं. ते चौबारा मनोऱ्याकडच्या जुन्या दुकानात गेले आणि धूळ झटकून दिलेले बारा फ्यूज घेऊन आले. आठ बसवायचे आणि चार वर. पेटीतल्या पितळी पकडी हिरव्या पडल्या होत्या. बिदरीच्या थाळ्या घासतात त्याच बारीक कागदानं त्यांनी त्या एकेक करून घासून लख्ख केल्या. जळून चिकटलेल्या वायरींपैकी हाताला लागतील तेवढ्या त्यांनी सोडवल्या, नव्या घातल्या आणि जोड कथलाचा डाग देऊन पक्के केले. राजश्री टॉर्च धरून बघत होती. असे गुळगुळीत जोड कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कुणाला जमत नव्हते, असं ती म्हणाली, तेव्हा ते जरा निवळले.

पण फ्यूज काही टिकेना. पहिल्याच गतिरोधकावर पाचवा गेला. ब्रेकचे मागचे दिवे, वायपर आणि इंडिकेटर हे तिन्ही त्याच पाचव्यावर, म्हणजे तपासणीत जे जे बघतात तेच नेमकं. नवा घातला, तो किल्ल्याजवळच्या खड्ड्यात गेला. मंगळवारी संध्याकाळपर्यंत वरच्या चारातला एकच शिल्लक राहिला.

राजश्रीनं तो वाचवायची एक युक्ती काढली. फ्यूजच्या जागी तिनं ब्रेकलाईटचा एक बल्ब वायरींनी जोडून टांगला. आत कुठं शॉर्ट झाला तर फ्यूज जळण्याऐवजी हा बल्ब लखकन पेटणार, आणि त्यातून जाणारी वीज इतकी कमी की वायरीला काही इजा नाही. मग तिनं खालून हात घालून सापडतील तेवढ्या वायरी ओढून, दाबून, हलवून पाहिल्या. बल्ब मख्ख. चुकीची वायर कुठली ते तो सांगेना. डॅशबोर्डाच्या पत्र्याला मागून चिकटून वर गेलेल्या जुडीपर्यंत हात पोचत नव्हता, आणि अख्खा डॅशबोर्ड उतरवायला दोन दिवस लागले असते. हातात होता फक्त बुधवार.

बुधवारी सकाळी राजश्री अंघोळीला गेली तेव्हा गुंडेराव एकटेच गाडीत जाऊन बसले. खिशात चांदीच्या तारेचं भेंडोळं होतं. एका उडालेल्या फ्यूजच्या खाचेत त्यांनी तार बसवली. बोटांनी ते काम न बघता केलं. एका दिवसाचा तर प्रश्न होता. उद्या इन्स्पेक्टरसमोर दिवे लागले, वायपर फिरला की झालं. शॉर्ट काय, नंतर निवांत शोधता येईल. मागच्या खेपेलाही गाडी याच तारेवर पास झाली होती.

कोंडाबाई चहा घेऊन आल्या आणि खिडकीशी थांबल्या. त्यांच्या नजरेतून चांदी कशी सुटणार. त्याही कारागीरच होत्या; लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली शिकून आता त्यांच्या बरोबरीनं थाळ्या कोरत होत्या.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण मग माझ्या पोरीला हिच्यात बसवू नका."

आणि कप बॉनेटवर ठेवून त्या निघून गेल्या.

सोमवारी काढलेल्या जळक्या वायरींचा काळा गोळा अजून गुंडेरावांच्या पायाशी पडला होता. वरचं रबर ओघळून आतलं तांबं उघडं पडलेलं. त्यांनी तो उचलून पाहिला. मग फ्यूजच्या खाचेतून तार उकलली, भेंडोळ्याला गुंडाळली आणि भेंडोळं खिशात टाकलं. चहाला तोवर साय आली होती.

राजश्री आली तीच वही घेऊन. तिला एक गोष्ट विचारायची राहून गेली होती, आणि तीच पहिल्यांदा विचारायला हवी होती असं तिला रात्री वाटलं होतं. बारा वर्षांपूर्वी फ्यूज पहिल्यांदा उडाला तो कधी आणि कसा?

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय," गुंडेराव म्हणाले. "तुझी माय गाडीत बसली की उडायचा. म्या एकला असलो की काही न्हाई. सगळ्यांना ठाव हाय ते."

नेहमीच्या सवयीनं ते हसले. राजश्री हसली नाही. तिनं पेन्सिल टेकवून विचारलं की हे खरंच तसं होतं का, की नुसतं म्हणायचं म्हणून. गुंडेराव थांबले. आठवू लागले. गाणगापूरच्या रस्त्यावर, दवाखान्यात जाताना, मंठाळहून येताना. प्रत्येक वेळी शेजारी कोंडाबाई होत्या. एकट्यानं हैदराबादला दोनदा जाऊन आले तेव्हा काही झालं नव्हतं. आपण बारा वर्षं जे हसण्यावारी सांगत आलो ते शब्दशः खरं आहे, हे त्यांना आत्ता उमगत होतं.

राजश्री घरात जाऊन आईला बोलवू लागली. कोंडाबाई काही येईनात. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, चढा नव्हता, पण बारा वर्षांचं सगळं त्यात होतं. "मी काय अंगात वीज घेऊन फिरायलेय का? तुझ्या अप्पाला ऱ्हाऊ दे हसत. तू कामून त्येच्या नादी लागलीस?"

राजश्रीनं काय सांगून समजूत घातली ते गुंडेरावांना कळलं नाही. पण थोड्या वेळानं कोंडाबाई पदराला हात पुशीत आल्या आणि कुणाकडे न बघता पुढच्या सीटवर बसल्या. राजश्री मागे बसली. तिनं अप्पांना चावी फिरवायला सांगितली. बल्ब मख्खच. मग ती आईला म्हणाली की नेहमी गाडीत बसल्यावर करतेस तसंच सगळं कर, काही गाळू नकोस.

कोंडाबाईंनी पदर सावरला. दार पुन्हा एकदा ओढून घट्ट केलं. मग उजवा हात पुढे करून त्यांनी डॅशबोर्डावरच्या पिंपळपानाला तळवा लावला.

बल्ब पेटला.

त्यांनी दचकून हात काढला. बल्ब विझला. राजश्रीनं नुसतं बोटानं खुणावलं. कोंडाबाईंनी पुन्हा हात ठेवला, जरा दाबून, आणि पुन्हा पिवळाधमक उजेड तिघांच्या चेहऱ्यांवर पडला.

ते पिंपळपान म्हणजे कोंडाबाईंच्या हातचं पहिलं पूर्ण काम. किल्ल्यातली माती लावून काळं केलेलं, चांदीच्या शिरांचं, तळहाताएवढं. बुद्धाच्या झाडाचं पान म्हणून त्यांनी ते विकायला नकार दिला होता, आणि गुंडेरावांनी बायकोच्या कौतुकानं ते बारा वर्षांपूर्वी गाडीत लावलं होतं. तेव्हापासून गाडीत बसलं की आधी पानाला हात लावायचा, ही त्यांची रीत. आणि पान हलू नये म्हणून गुंडेरावांनी दोन लांब स्क्रू पत्र्यातून आरपार पिळले होते. पत्र्याच्या मागे काय आहे ते त्यांनी बघितलं नव्हतं.

त्यांनी स्क्रू काढले. डावा स्वच्छ होता. उजव्याच्या टोकाशी लाल रबराचा कण अडकला होता आणि टोक जळून निळं पडलं होतं. पान दाबलं की स्क्रू वायरीत रुतायचा. आता आतलं रबरही वितळलं होतं, म्हणून नुसत्या धक्क्यानंही तेच होत होतं.

गुंडेराव स्क्रू तळहातावर घेऊन उभे राहिले. इतकी वर्षं घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं हसू त्यांना आठवलं असावं.

"म्याच मारला होता हा," ते म्हणाले.

"व्हय," कोंडाबाई म्हणाल्या. "बारा वर्षं म्या ऐकून घेतलं. आता बारा वर्षं तुम्ही ऐका."

राजश्रीला हसू आवरलं नाही, आणि मग त्या दोघांनाही.

दुपारभर गुंडेराव पानाच्या जागेच्या भोकातून आणि खालून, दोन्हीकडून, त्या एका वायरीशी झटत राहिले. जखमेपाशी ती कापली, नवा तुकडा जोडला, वर नळी चढवली, आणि सगळी जुडी सुती फीत गुंडाळून पत्र्यापासून दोन बोटं दूर बांधली. स्क्रू कापून आखूड केले. पान आता कप्प्याच्या झाकणावर बसवलं, जिथं मागे एकही वायर नाही. ती नाही हे त्यांनी झाकण उघडून दोनदा पाहिलं आणि राजश्रीलाही बघायला लावलं. शेवटी बल्ब काढून उरलेला एकुलता एक फ्यूज घातला. आठही चांदीच्या तारा आणि खिशातलं भेंडोळं त्यांनी एका पुडीत बांधून कोंडाबाईंच्या कामाच्या पेटीवर ठेवल्या.

गुरुवारी निघताना कोंडाबाई दारातच उभ्या होत्या. गुंडेरावांनी आतून हात लांब करून पुढचं दार उघडलं.

"आन् तिथं साहेबापुढं फ्यूज गेला तर?" कोंडाबाईंनी विचारलं.

"जाऊ दे की. गेला तर कामून गेला त्ये हुडकू."

त्या बसल्या. पानाला हात लावला. काही झालं नाही.

आरटीओच्या मैदानात इन्स्पेक्टर कन्नडमध्ये एकेक सांगत गेला आणि गुंडेराव तसं करत गेले. हेडलाईट, हॉर्न, वायपर, ब्रेक. डावा इंडिकेटर लागेना तेव्हा त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. राजश्री खाली उतरली, दिव्याच्या काचेवर तिनं दोन टिचक्या मारल्या. बल्ब सैल होता, तो बसला आणि दिवा टकटक करू लागला. इन्स्पेक्टरनं वाकून फ्यूजपेटीत डोकावलं. इतक्या जुन्या गाडीत सगळे खरे फ्यूज बघायला मिळत नाहीत, असं काहीसं तो पुटपुटला आणि त्यानं कागदावर सही केली. पाच वर्षं.

बाहेर पडल्यावर फाटकाशी गुंडेरावांनी गाडी थांबवली. उजवीकडे घर होतं. त्यांनी कोंडाबाईंकडे पाहिलं आणि विचारलं की मंठाळला भावाला फोन करून किती दिवस झाले.

"फोन कामून करायचा," कोंडाबाई म्हणाल्या. "सांगून गेलं तर वैनी सैपाकाला लागंल. तसंच चला."

गुंडेरावांनी डावा इंडिकेटर दिला. मागच्या सीटवर राजश्री कान देऊन त्याची टकटक मोजत होती. रस्त्याला लागताना गाडी एका खड्ड्यात दणकन आपटली. तिघांनीही डॅशबोर्डाकडे पाहिलं.

टकटक चालू होती.