सारखंच केलं दोघींना

श्वास घेतला की गोजरबाईच्या बरगड्या ठणकायच्या. कुणी लाथा घातल्यासारखं अंग झालं होतं. छातीत कळ आली, अमृतनं जीपमध्ये घालून नगरच्या दवाखान्यात आणलं, इथवर तिला आठवत होतं. पुढचं काहीच नाही. अमृतला विचारलं, तर तो नजर चुकवून म्हणाला, "सुया टोचल्या आई, दुसरं काय न्हाई."

शेजारच्या खाटेवर नेवाशाच्या बायडाबाई होत्या. त्यांनाही हृदयाचाच त्रास. दुपारी सुनेनं आणलेली पेज पिता पिता त्या म्हणाल्या, "मीठच न्हाई गं यात." आणि त्यांची मान कलली. वाटी खाली पडली.

गोजरबाई ओरडली. जयमाला सिस्टर धावत आल्या, मागोमाग डॉक्टर. पडदा ओढायचं कुणाला सुचलंच नाही. सिस्टरांनी दोन्ही हात बायडाबाईंच्या छातीवर रोवले आणि सगळा भार टाकून त्या दाबायला लागल्या. खाट करकरत होती. "बाजूला व्हा!" डॉक्टर म्हणाले. मशीनच्या झटक्यानं बायडाबाईंचं अंग उसळलं. पुन्हा दाबणं, पुन्हा झटका.

गोजरबाईचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

शेवटी डॉक्टरांनी मान हलवली. बायडाबाईंची सून दाराशीच मटकन बसली.

"सिस्टर, मलाबी असंच केलं व्हय?" गोजरबाईनं विचारलं.

"हो मावशी. परवा तुमचं हृदय बंद पडलं होतं."

"मग मी उठले, अन् त्या का न्हाई?"

"सारखंच केलं दोघींना. पुष्कळदा माणूस परत येत नाही, मावशी. तुम्ही आलात."

"अन् परत बंद पडलं तर?"

सिस्टरांनी तिचं पांघरूण सारखं केलं.

अमृत शहाळं घेऊन आला आणि रिकामी खाट बघून जागीच थबकला. गोजरबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "समदं बघितलं मी. आता खोटं बोलू नगं."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "आई, तू गेल्ती. मी दारातनं बघत हुतो."

ती घरी आली, चालती-फिरती झाली. पण कितीतरी महिने न्हाणीची कडी लावायचा तिला धीर झाला नाही. सून पूजा बाहेर उभी राहून काहीबाही बोलत राही. आतून उत्तर यायला जरा उशीर झाला, की ती दार ढकलून आत डोकावे.