पाटीखालची नावं

कचेरीतून आलेल्या साहेबांनी घड्याळात पाहिलं. "तीन वाजलेत. चारला माझी जीप निघणार. काय दाखवायचं ते दाखवा."

मास्तरांनी खरवडायची पट्टी माझ्या हातात दिली. माझीच पट्टी, माझ्याच पेटीतली. ती मी उगाचच पदराला पुसली. गावाच्या पाटीवरच्या रंगाखाली काहीही नाही, हे एवढ्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

आमचं गाव म्हणजे चाळीस घरं आणि भांडणं त्याच्या दुप्पट. आजोबांच्या काळात त्याला कोरडी विहीर म्हणत. असल्या नावाच्या गावात मुलगी द्यायला कोणी धजेना. पुढे दगडाची खाण निघाली आणि गाव खाणवस्ती झालं. खाण बंद पडली, नदीवर पूल आला, तेव्हा ते पुलापलीकडे झालं. पूल पुरात वाहून गेला तरी नाव बरीच वर्षं तसंच लोंबकळत राहिलं. शेवटी कुठल्याशा अधिकाऱ्याने, बहुधा आमची भांडणं ऐकूनच, त्याचं शांतिनगर करून टाकलं.

आम्हाला काय, कुठल्याही नावाने हाक मारा, आम्ही ओ देणार. पण कचेरीच्या कागदांत ती चार वेगळी गावं निघाली. आता इथे तलाव व्हायचा होता. नियम असा की एकाच जागी साठ वर्षं नांदलेलं गाव उठवायचं नाही, तलावाची भिंत अलीकडे घ्यायची. कागदावर शांतिनगरचं वय अकरा. म्हणजे आम्ही काल आलेले उपरे, उचला चंबूगबाळं!

तेव्हा मास्तरांना पाटी आठवली. गावाच्या तोंडाशी उभा असलेला तो जाड पत्रा आधी आजोबांनी रंगवला, मग दोनदा बाबांनी, मग मी. आमच्या घरची रीत गावाला पाठ होती. जुनं नाव खरवडायचं नाही, त्यावर पांढऱ्या रंगाचं अस्तर मारायचं आणि नवं लिहायचं. तेव्हा एकेक थर सोलून साहेबांना चारही नावं एकाच पत्र्यावर दाखवायची, असं ठरलं. मला कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी बोलले असते का, देव जाणे.

"साहेब, माझ्या पोरीचा हात बघा," बाबा खुर्चीतून सांगत होते. कंप सुटल्यापासून त्यांच्या हातात ब्रश ठरत नाही. "वरचा थर निघेल, पण खालच्या अक्षराला ओरखडा जायचा नाही."

मी पट्टी टेकवली. मागच्या वेळी नाव बदललं तेव्हा बाबा दवाखान्यात होते आणि ते काम मी पहिल्यांदा एकटीने घेतलं होतं. थरांवर थर चढून पत्रा खडबडीत झाला होता, आणि मला तर आरशासारखं गुळगुळीत काम करून दाखवायचं होतं. अंगात शहाणपण मावत नव्हतं माझ्या. आधी पट्टी, मग पॉलिश पेपर, असं करत दोन दिवसांत मी पत्रा लख्ख केला. दवाखान्यातून परतल्यावर बाबांनी पाटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा, अस्तर काय बसलंय!" मी तोंडात गुळणी धरली, ती आजतागायत.

पांढरा पापुद्रा निघाला आणि खाली पत्रा चमकला. मी दुसरीकडे खरवडलं, तिथेही पत्राच. उगाच वेळ काढायला तिसरी जागा निवडली.

साहेबांनी फाईलची दोरी बांधायला घेतली. "बघितलं मी."

"म्हणजे घराण्याची रीत वगैरे सगळी थापच होती की!" कोणीतरी ओरडलं.

"थाप कशी?" बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "मी स्वतः लिहिलंय त्यावर. दोनदा लिहिलंय!" त्यांचे हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होते. ते मला बघवेना.

"बाबा खरं बोलताहेत," मी म्हणाले. "मी खरवडलं. अकरा वर्षांपूर्वी. सगळं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

"सरकारी पाटी आहे ती," साहेब म्हणाले. "हे लिहून दिलंत तर तुमचा रंगकामाचा परवाना जाईल."

"जाऊ दे. घ्या लिहून."

"खरवडताना काय दिसलं?"

"निळ्यात पुलापलीकडे. त्याखाली तांबड्यात खाणवस्ती. तळाला काळ्यात कोरडी विहीर."

"हे तुम्हाला वडिलांनी सांगितलेलं असू शकतं."

"आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, त्याच काळ्या रंगात लहान मुलाचा पंजा. हे मला कोणीच सांगितलेलं नाही."

साहेबांनी दोरी सोडली. फाईलमधून त्यांनी बासष्ट वर्षांपूर्वीच्या मोजणीचा एक जुना फोटो काढला. कोरडी विहीर लिहिलेल्या पाटीशेजारी मोजणीची माणसं उभी होती. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी धरला.

"मी याला डाग समजत होतो," ते म्हणाले. "पाच बोटं आहेत. म्हणजे पत्रा हाच."

"माझी आहेत," बाबा म्हणाले. "चार वर्षांचा होतो. रंग ओला होता, वडिलांनी सडकून काढलं. लाजेने कधी कोणाला सांगितलं नाही. पुढे मीच अस्तराखाली झाकला तो."

साहेब लिहू लागले. "इथे येऊन जो तो आपल्या फायद्याचं बोलतो," त्यांनी मान वर न करता म्हटलं. "स्वतःच्या पोटावर पाय देणारं असं कोणी भेटत नाही." मी सही केली. बाबांच्या हातात पेन ठरेना, तेव्हा साक्षीदार म्हणून त्यांचा अंगठा घेतला. "एकच गाव, बासष्ट वर्षं. मी तसं लिहितोय," साहेब म्हणाले आणि चारला पाच मिनिटं कमी असताना जीप निघाली.

मग काय, लोकांनी नुसता कल्ला केला. थाप म्हणून ओरडणाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मास्तर तर रडतच होते.

बाबा काठी टेकत पाटीपाशी गेले. उजव्या कोपऱ्यातल्या पत्र्यावर त्यांनी आपला थरथरता हात ठेवला. अंगठ्याची शाई त्यावर लागली.

"एवढासा होता," ते म्हणाले. "तुला दिसला होता ना?"

"दिसला होता, बाबा."

"तरी घासलास?"

मला त्यांच्याकडे बघता येईना.

"हो," मी म्हणाले.